लग्नघराचा स्वतःचा चेहरा

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



ज्ञातीच्या व्यासपीठावरून विद्वानांनी बोलावे, उद्योगधंद्यात नाव काढलेल्यांनी बोलावे, हे रीतीला धरून आहे. एका फोटोग्राफरला उभे करून त्याच्याकडून विवाहसमारंभाविषयी ऐकावे, अशी इच्छा कार्यकारी मंडळाने व्यक्त केली तेव्हा आम्हांस प्रथम संकोचच वाटला. आमचा व्यवसाय बोलण्याचा नव्हे, पाहण्याचा. लग्नात पुरोहित बोलतात, विहिणी बोलतात, सनईचौघडाही आपल्या परीने बोलत असतो. "जरा इकडे पाहा" एवढ्यापुरते तोंड उघडून पुन्हा गप्प होतो तो फोटोग्राफर. तथापि एवढे खरे की, पुरोहितांच्या खालोखाल सर्वांत अधिक लग्ने जवळून पाहिलेला मनुष्य तोच असतो. चाळीस वर्षे आम्ही हे काम करीत आलो. ह्या काळात जे पाहिले त्यातील चार गोष्टी घरच्याच माणसांपुढे मांडण्यास हरकत नाही, अशा समजुतीने आम्ही येथे उभे आहोत.

अलीकडे लग्न ठरवून आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक घरांची मागणी एकच असते. "आमचे लग्न चारचौघांसारखे दिसता कामा नये, त्यात काहीतरी वेगळे हवे." मागणी रास्त आहे. आयुष्यात एकदा येणारा प्रसंग आपला म्हणून ओळखू यावा, असे कोणाला वाटणार नाही? परंतु पुढच्याच क्षणी मोबाईल बाहेर निघतो, कोणा नटनटीच्या लग्नातील फोटो आमच्यापुढे धरला जातो, आणि सांगण्यात येते, "अगदी असे पाहिजे." वेगळे हवे, आणि ते दुसऱ्यासारखे हवे! ह्या दोन वाक्यांत आजच्या लग्नसमारंभाची सारी अडचण सामावलेली आहे. एका हंगामातील दहा अल्बम शेजारी शेजारी मांडले आणि त्यांतील चेहरे झाकले, तर कोणते लग्न कोणाचे हे सांगणे ते फोटो काढणाऱ्या आम्हांसही कठीण जावे. तीच फुलांची भिंत, तोच यंत्रातून सोडलेला धूर, तेच वराने गुडघ्यावर बसून अंगठी पुढे करणे, आणि आकाशातून ड्रोनने टिपलेले तेच मांडवाचे छप्पर.

हा एकसारखेपणा अगदीच नवा आहे असे मात्र नव्हे. फोटोग्राफीची कला १८३९ साली पॅरिस येथे जगापुढे आली आणि थोड्याच अवधीत ती मुंबईस येऊन पोहोचली. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजी लाड ह्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळच्या एतद्देशीय छायाचित्रकारांपैकी एक होत. आपल्या चित्रपटसृष्टीचे जनक दादासाहेब फाळके ह्यांनीही १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र' ह्या चित्रपटापूर्वी बरीच वर्षे आधी गोध्रा येथे फोटोग्राफीचा व्यवसाय करून पाहिला होता. त्या जुन्या काळातील काचेच्या प्लेटा मंदगती असत. समोरचा मनुष्य हलला की चित्र पुसट झालेच म्हणून समजावे. म्हणून आपल्या पणजोबा-पणजींच्या फोटोंत दोघेही खांबासारखी ताठ दिसतात, आणि मागे स्टुडिओतील रंगविलेल्या पडद्यावरचा तोच महाल अनेक घरांच्या फोटोंत सापडतो.

पुढे फिल्म आली. पेटीवजा साध्या कॅमेऱ्यात एका रोलवर १२ फोटो निघत, लहान आकाराच्या फिल्मवर ३६. आम्ही हा व्यवसाय पत्करला तेव्हा एका लग्नाला पाचसहा रोल म्हणजे चैन समजली जाई. प्रत्येक फोटोला पैसे पडत, म्हणून बोट दाबण्यापूर्वी विचार करावा लागे. आज एका लग्नात तीनचार हजार चित्रे सहज निघतात, कॅमेरा अंधारातही पाहू शकतो, आणि चूक लागलीच पुसता येते. यंत्राची सक्ती अशा रीतीने संपली. दुर्दैवाने अनुकरणाची सक्ती तिच्या जागी येऊन बसली. त्यातही ताठ बसलेल्या त्या पणजीच्या नाकातील नथ तिची स्वतःची होती, पणजोबांच्या डोक्यावरची पगडी त्यांच्या घराण्याची होती. आज पुष्कळदा वेष भाड्याचा, दागिना भाड्याचा, आणि कल्पनाही भाड्याची असते.

मग वेगळेपण आणावे कोठून? आमचे नम्र मत असे की, ते आणावयाचे नसतेच. प्रत्येक लग्नघरात ते आधीपासून असते, ते ओळखावयाचे असते. आपल्या महाराष्ट्रीय विवाहविधीकडे पाहा. मुहूर्तमेढीपासून गृहप्रवेशापर्यंतचा क्रम साधारणपणे सर्वांचा सारखा. पण त्याच्या आत प्रत्येक कुळाचा कुळाचार निराळा. कोणाचे देवक निराळे, कोणाच्या घरी घाणा भरताना म्हणावयाच्या ओव्या निराळ्या. कोणाच्या रुखवतात आजीने चाळीस वर्षांपूर्वी विणलेले तोरण पुन्हा मांडले जाते. कोठे मावशीने स्वतः रचलेले मंगलाष्टक थरथरत्या आवाजात म्हटले जाते, आणि त्यात वधूचे, तिच्या आईवडिलांचे, गेलेल्या आजोबांचे नाव गुंफलेले असते. ते मंगलाष्टक जगातील दुसऱ्या कोणत्याही लग्नात म्हणता येणार नाही. ह्याहून निराळे वैशिष्ट्य ते कोणते? पण त्या वेळी आमच्या व्यवसायातील मंडळींचे कॅमेरे कोठे रोखलेले असतात म्हणाल, तर वरून पडावयाच्या गुलाबपाकळ्यांकडे!

म्हणून लग्नाचे काम स्वीकारताना आम्ही यजमानांना फोटोंची यादी मागत नाही, माणसांची यादी मागतो. वधूला लहानाचे मोठे कोणी केले? तिला अक्षर कोणी शिकविले? वराचा जिवलग मित्र कोण? फार लांबून, प्रकृती बरी नसताना, कोण येणार आहे? पिवळी अष्टपुत्री घेऊन येणारा मामा कोणता? ही दहाबारा नावे कळली की आमचे अर्धे काम झाले. एका लग्नात मामांच्या एका हातात काठी होती आणि दुसऱ्या हातात भाचीचा हात. बोहल्यापर्यंतची वीस पावले चालावयास त्यांना पुष्कळ वेळ लागला, आणि भाचीने आपली चाल त्यांच्या चालीशी जुळवून घेतली. त्या घराच्या दिवाणखान्यात आज तोच फोटो लावलेला आहे. रोषणाईचा एकही नाही.

आता थोडे उजेडाविषयी बोलू, कारण तो आमच्या शास्त्राचा प्राण आहे, आणि ह्या बाबतीत यजमानांना खर्च न करता पुष्कळ करता येते. गौरीहराची पूजा शक्य तो खिडकीजवळ मांडावी. अन्नपूर्णेपुढे हातात अक्षता घेऊन वधू एकटी बसलेली असते. सकाळपासूनच्या गडबडीत तिला लाभणारी तेवढीच शांत घटका. खिडकीतून एका बाजूने येणारा मऊ उजेड त्या चेहऱ्यावर जे दाखवितो, ते पाचपन्नास दिव्यांनी दिसत नाही. कार्यालयात जांभळे-निळे दिवे लावण्याची आजकाल पद्धत आहे; हळदीचा पिवळा आणि कुंकवाचा लाल हे दोन्ही रंग त्या दिव्यांत मरतात. विधी चालू असेतोपर्यंत ते मालवावेत, एवढे व्यवस्थापकास सांगून ठेवावे. भर दुपारचा मुहूर्त असल्यास उघड्या अंगणात उभे करून फोटो काढू नयेत. डोळ्यांखाली काळ्या छाया पडतात. मांडवाच्या कडेची सावली उत्तम. गोरज मुहूर्ताचा उजेड फार सुंदर, पण तो टिकतो थोडाच वेळ. तेव्हा वडीलमंडळींबरोबरचे फोटो त्यापूर्वीच उरकून घ्यावेत. लाजाहोमाच्या वेळी तर फ्लॅश बंदच असावा. अग्नीचा उजेड दोघांच्या चेहऱ्यांवर खालून पडतो. त्यावर आमचा विजेचा लखलखाट ओतणे म्हणजे समईपुढे टॉर्च धरण्यासारखे आहे.

अंतरपाटाच्या वेळी फोटोग्राफरची जागा एकच: अंतरपाटाच्या कडेला, बाजूस. तेथून वधूही दिसते, वरही दिसतो, आणि मध्ये ते कुंकवाचे स्वस्तिक काढलेले वस्त्रही दिसते. त्यासाठी बोहल्यावर चढण्याचे, भटजींना सरकविण्याचे, जमलेल्या आप्तेष्टांकडे पाठ करून उभे राहण्याचे कारण नाही. आमच्याच धंद्यातील लोकांविषयी हे बोलणे काहींना रुचणार नाही. पण पाहुणे आशीर्वाद देण्याकरिता आलेले असतात, आमच्या पाठी पाहण्याकरिता नव्हे. बोहल्यावर एका वेळी दोहोंपेक्षा अधिक कॅमेरे नसावेत, ही अट यजमानांनी आधीच घालावी. आणि पाहुण्यांनाही विनंती अशी की, मंगलाष्टकांच्या त्या थोड्या वेळात मोबाईल खिशात ठेवावेत. अक्षता टाकावयास हात मोकळा लागतो. सेकंदाच्या पाचशेव्या भागात शटर उघडून मिटले की उडालेल्या अक्षतेचा दाणा न् दाणा हवेत उभा दिसतो. पण त्यासाठी त्या कोणीतरी टाकावयास हव्यात!

सप्तपदीविषयी मात्र थोडे गंभीरपणे सांगावयाचे आहे. स्वागतसमारंभाचे शेकडो फोटो निघतात, आणि सप्तपदीच्या वेळी निम्मी मंडळी पंगतीला गेलेली असतात. पुष्कळदा फोटोग्राफरही जेवावयास जातो. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या सातव्या कलमानुसार, ज्यांच्या विधीत सप्तपदी आहे त्यांचा विवाह सातवे पाऊल पडले म्हणजे पूर्ण व बंधनकारक होतो. २०२४ साली सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात हेच पुन्हा बजावले: विवाह हा नाचगाण्याचा व मेजवानीचा प्रसंग नव्हे, आणि आवश्यक विधी झालेलेच नसतील तर केवळ प्रमाणपत्राने हिंदू विवाह सिद्ध होत नाही. म्हणजे ज्या सात पावलांनी लग्न लागते, तीच पावले अल्बममध्ये नसावीत, आणि केक कापण्याचे बारा फोटो असावेत, हा केवढा विपर्यास! सातव्या पावलाचा एक स्वच्छ फोटो आवर्जून मागून घ्या. पुढेमागे तो नातवंडांना दाखविण्याच्या उपयोगी पडेल, आणि वेळ आली तर त्याहून अधिक महत्त्वाच्या कामीही येईल.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही हे भाषण मुख्यतः स्वीकारले, तिच्याकडे वळतो. कॅमेऱ्यातून पाहणाऱ्यास चौकटीच्या आत काय आहे हे जसे दिसते, तसेच चौकटीच्या बाहेर कोण उभे आहे हेही दिसते. चाळीस वर्षांत एक चेहरा आम्ही चौकटीबाहेर वारंवार पाहिला. तो नवऱ्याच्या माघारी मुलांना वाढविणाऱ्या आईचा. शिवणकाम करून, डबे करून, पोळ्या लाटून जिने मुलगी शिकविली, तीच मुलीच्या लग्नात खांबाआड उभी असते. कन्यादान काका-काकू करतात, ओटी दुसऱ्या भरतात, आणि ग्रुप फोटोच्या वेळी ती हळूच स्वयंपाकघराकडे निघून जाते. तिला कोणी जा म्हणत नाही. पण ये असेही कोणी म्हणत नाही. एका लग्नात वधूने मंगलाष्टके सुरू होण्यापूर्वी भटजींना शांतपणे सांगितले, "आई येथे, माझ्या शेजारी उभी राहील, मग सुरू करा." क्षणभर सारे स्तब्ध झाले. भटजी वयोवृद्ध होते. त्यांनी स्वतः उठून त्या माउलीच्या हातात अक्षता दिल्या. त्या लग्नात ना फुलांची भिंत होती, ना धूर. पण त्याच्यासारखे दुसरे लग्न आम्ही पाहिलेले नाही.

कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ह्या गावाने मे २०२२ मध्ये ग्रामपंचायतीच्या ठरावाने विधवांसंबंधीच्या अनिष्ट प्रथा बंद केल्या, आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसे करण्याचे आवाहन केले. एका गावाला जे जमले ते एका सुशिक्षित ज्ञातीला का जमू नये? आपल्या मंडळाने ह्याविषयी ठराव करावा की नाही, हे पदाधिकाऱ्यांनी ठरवावे. पण प्रत्येक घराला एक गोष्ट ठरावावाचून करता येईल. लग्नातील पहिला ग्रुप फोटो काढताना घरातील अशा आई, आत्या, काकू, आजी ह्यांना हात धरून मधल्या खुर्चीवर बसवावे. वेगळे लग्न हवे म्हणता ना? एवढे करून पाहा.

खर्चाचाही उल्लेख केला पाहिजे. लग्नापूर्वी दूरच्या समुद्रकिनाऱ्यावर अथवा कोणा राजवाड्यात जाऊन वधूवरांचे फोटो काढण्याची प्रथा आता लहान गावांतही पोहोचली आहे. आम्ही तिला सरसकट दोष देणार नाही. दोन तरुण माणसांनी एकमेकांसमवेत चार घटका घालविल्या तर त्यात वावगे काय? पण कर्ज काढून परक्या राजवाड्यापुढे उभे राहण्यापेक्षा, ज्या महाविद्यालयाच्या पायऱ्यांवर ओळख झाली तेथे, ज्या शेताच्या बांधावर वराचे बालपण गेले तेथे, ज्या चाळीच्या गॅलरीत वधू अभ्यासाला बसे तेथे फोटो काढा. राजवाडा कोणालाही भाड्याने मिळतो. ती गॅलरी जगात एकच आहे, आणि पुनर्विकासात ती कदाचित पुढच्या वर्षी नसेलही. आमच्यासारख्यांना त्यात पैसे कमी मिळतील, हे उघड आहे. तरीही आम्ही हेच सांगू.

येथे भगिनींना एक सूचना. लाला दीनदयाळ ह्या विख्यात छायाचित्रकारांनी १८९२ साली हैदराबाद येथे केवळ स्त्रियांकरिता स्टुडिओ काढला होता, आणि त्याचा कारभार एका स्त्रीकडे दिला होता. होमाई व्यारावाला ह्या भारतातील पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार. त्यांना २०११ साली पद्मविभूषण मिळाले. हळद, चुडा भरणे, वधूचा साजशृंगार अशा प्रसंगी स्त्री छायाचित्रकार असेल तर घरातील बायका मोकळेपणाने वावरतात, आणि मोकळेपणाइतका चांगला उजेड दुसरा नाही. आपल्या ज्ञातीतील मुलींनी ह्या व्यवसायात अवश्य यावे. शिकविण्यास आम्ही तयार आहोत.

शेवटी जतनाविषयी. जुन्या घरांतून आम्हांस दुरुस्तीकरिता फोटो येतात. पाठीमागे नाव नाही, साल नाही. "हे कोण?" असे विचारले तर उत्तर येते, "आजोबांना ठाऊक असते, ते गेले." कागद शंभर वर्षे टिकला आणि नाव एका पिढीत बुडाले. आणि आता तर कागदही नाही. हजारो चित्रे मोबाईलमध्ये असतात, मोबाईल बिघडतो किंवा बदलतो, आणि लग्न त्याच्याबरोबर जाते. म्हणून प्रत्येक लग्नातील निदान शंभर फोटो निवडून चांगल्या कागदावर छापून घ्यावेत. प्रत्येकाच्या मागे मऊ पेन्सिलीने नाव, नाते, गाव, तारीख लिहावी. बॉलपेनने लिहू नये, त्याचा वळ पुढे उमटतो. चिकट पानांचे अल्बम वापरू नयेत. त्यांचा डिंक कालांतराने फोटो खातो. मूळ प्रती दोन निरनिराळ्या हार्ड डिस्कवर, दोन निरनिराळ्या घरी ठेवाव्यात. मावशीने रचलेले मंगलाष्टक तिच्याच हस्ताक्षरात अल्बमच्या पहिल्या पानावर लावावे. आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, आपण मोबदला देऊन काढून घेतलेल्या फोटोंचा प्रथम स्वामी आपणच असता, जर तसे नसल्याचा करार केलेला नसेल तर. तेव्हा करारावर सही करण्यापूर्वी तो वाचा, आणि मूळ प्रती मागून घ्या.

मंडळापुढे एक विनंती ठेवून आम्ही आवरते घेतो. येत्या दिवाळीच्या सुटीत प्रत्येक सभासद घराने आपल्या घरातील सर्वांत जुना लग्नाचा फोटो बाहेर काढावा, घरातील सर्वांत वयोवृद्ध व्यक्तीजवळ बसावे, आणि त्यातील प्रत्येक चेहऱ्याचे नाव लिहून घ्यावे. त्याची एक प्रत मंडळाकडे पाठवावी. मंडळाने त्या प्रती एकत्र ठेवाव्यात आणि दरवर्षी स्मरणिकेत काही छापाव्यात. वंशावळीत नुसती नावे असतात, आणि तीही बहुधा पुरुषांची. ह्या फोटोंत आपल्या पणज्या, खापरपणज्या भेटतील. हे काम आणखी दहा वर्षांनी करता येणार नाही, कारण सांगणारे राहणार नाहीत.